दुसरा आवाज

डॉ. तस्नीम बागवान यांना असा माणूस हवा होता, ज्याचा आवाज तीसेक वर्षं सतत चांगल्या मायक्रोफोनवर मुद्रित होत आला आहे आणि जो अजून धडधाकट आहे. ऐकायला हे सोपं वाटतं, पण असा माणूस सहजी सापडत नाही. तुमचा-माझा आवाज कुठे असतो? लग्नाच्या व्हिडिओत, वाढदिवसाच्या गोंगाटात, फोनवरून पाठवलेल्या निरोपांत. गायकांचा असतो, पण गाणं वेगळं आणि बोलणं वेगळं. पुढाऱ्यांचाही असतो, पण ते बोलतात कमी आणि ओरडतात जास्त. शेवटी पुण्याच्या त्यांच्या संशोधन केंद्रात कुणीतरी सुचवलं की डबिंग करणाऱ्या कलावंतांकडे जाऊन पाहा. असं करत करत त्या चारुशीला दिघेंपर्यंत पोचल्या.

चारुशीलाचं नाव सांगितलं तर लोक जरा आठवू लागत; तिने तोंड उघडलं की लगेच ओळखत. ती मूळची पेणची. कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धेत तिने एका म्हातारीचं काम केलं आणि परीक्षकांनी बक्षीस देताना विचारलं होतं की या बाई कुठल्या संस्थेच्या. मग राज्य नाट्य स्पर्धा झाली, पाठोपाठ व्यावसायिक नाटकं आली. एका मालिकेत ती चार वर्षं खाष्ट जाऊ होती. सिनेमात मात्र तिच्या वाट्याला नायिकेची मैत्रीण किंवा दवाखान्यातली डॉक्टरच येत राहिली. चेहरा मागे राहिला आणि आवाज पुढे गेला. कार्टूनमधली खार, परदेशी मालिकांमधल्या कितीतरी आया, बँकेच्या फोनवर "कृपया प्रतीक्षा करा" म्हणणारी बाई आणि ठाण्यातल्या निम्म्या इमारतींमधली लिफ्ट, हे सगळं तीच होती.

ही गोष्ट २०४१ सालातली. तोवर डबिंगचं काम बहुतेक यंत्रांकडे गेलं होतं. चारुशीलाने एकदा आपल्या आवाजाचा नमुना देऊन ठेवला होता आणि आता ती घरी झोपलेली असतानाही तिचा आवाज कुठल्या ना कुठल्या भाषांतरित मालिकेत रडत असायचा. छप्पन्नाव्या वर्षी तिच्याकडे वेळ भरपूर होता. डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा आपला खराखुरा आवाज कुणाला तरी हवा आहे याचंच तिला अप्रूप वाटलं. तिने स्वतःचं सगळं जुनं मुद्रण गोळा करून दिलं. त्यात नाटकांच्या चित्रफिती होत्या, मालिका होत्या आणि आकाशवाणीवरची एक साप्ताहिक श्रुतिकाही होती.

डॉक्टर काय शोधत होत्या ते त्यांनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं. आपण एक साधा शब्द उच्चारतो तेव्हा छाती, गळा, जीभ, ओठ मिळून शंभरेक स्नायू कामाला लागतात आणि त्या सगळ्यांना मेंदू सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने हलवतो. हातांनी करायचं कुठलंच काम इतकं नाजूक नसतं. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, मेंदूतल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी थकत जातात. हात थरथरायला लागेपर्यंत त्यांतल्या निम्म्याहून अधिक गेलेल्या असतात. पण सर्वांत नाजूक काम सर्वांत आधी बिघडतं. बोलण्यातले चढउतार आक्रसतात, "प" आणि "ब" म्हणताना ओठ पूर्ण मिटत नाहीत, दोन शब्दांमधली फट किंचित बदलते. सुरुवातीला कानाला हे कळत नाही. संगणकाला कळतं, पण त्यासाठी त्या माणसाचा पूर्वीचा आवाज जवळ हवा. एकाची तुलना दुसऱ्याशी करून चालत नाही, ती ज्याची त्याच्याशीच करावी लागते. दोन वर्षांपूर्वी या पेशींचं थकणं मंदावणारं इंजेक्शन निघालं होतं. ते हात थरथरण्याआधी सुरू झालं तर माणूस वर्षानुवर्षं ठीक राहील, असं चाचण्यांत दिसलं होतं. उशीर झाला की त्याचा फारसा उपयोग नव्हता. म्हणून ही घाई.

निकाल पाहायला चारुशीला पुन्हा पुण्याला गेली. पडद्यावर तिच्या आवाजाची रेघ होती, विशीपासून आतापर्यंतची. वयाप्रमाणे ती थोडी खाली आली होती, बाकी अगदी स्वच्छ होती. तब्येत उत्तम आहे, निरोगी आवाज कसा म्हातारा होतो याचा इतका चांगला नमुना आम्हाला मिळाला नव्हता, असं डॉक्टर म्हणाल्या. चारुशीलाला बरं वाटलं. मग तिचं लक्ष त्याच पडद्यावरच्या दुसऱ्या, निळ्या रेघेकडे गेलं. ती बरीच वर्षं तिच्या रेघेच्या सोबतीने चालली होती आणि मग एका ठिकाणाहून उतरत गेली होती.

हे काय, असं तिने विचारलं. डॉक्टरांनी ती खिडकी बंद करायचा प्रयत्न केला. तुमचा आवाज वेगळा काढताना बाकीचे आवाजही वेगळे होतात, असं त्यांनी सांगितलं. त्यांतला एक आवाज फार वर्षं तुमच्याबरोबर होता म्हणून संगणकाने त्याचीही रेघ काढली. तो कुणाचा ते आम्हाला ठाऊक नाही आणि त्या गृहस्थांची संमती नसल्यामुळे विचारताही येत नाही.

चारुशीलाला विचारायची गरज नव्हती. ती श्रुतिका एका भांडकुदळ नवरा-बायकोची होती आणि नऊ वर्षं चालली होती. बायको ती होती. नवरा होता यशोधन इनामदार, जो तेव्हा तिचा खराखुरा नवरा होता.

"ही रेघ उतरायला लागते ते साल कुठलं?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि साल सांगितलं. २०३१.

चारुशीलाने पडद्यावर त्या जागी बोट ठेवलं. मग तिने विचारलं की अशा माणसाचा आवाज सपाट होतो, म्हणजे त्याला आत काही वाटेनासं होतं का. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. आवाजाबरोबर चेहऱ्याचे स्नायूही आखडत जातात, त्या म्हणाल्या. भुवया उचलल्या जात नाहीत, हसू ओठांपर्यंत येत नाही. आत सगळं असतं. घरचे मात्र समजतात की हा माणूस कोरडा झाला.

"मी तुम्हाला नाव विचारणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "एवढंच सांगते, ताई, की अजून वेळ गेलेली नसेल."

चारुशीला आणि यशोधन यांचं लग्न नाटकाच्या दौऱ्यावर ठरलं होतं. तो मिरजेचा. त्याचा आवाज असा होता की त्याने विंगेतून नुसती हाक मारली तरी प्रेक्षक सावरून बसत. तेरा वर्षं दोघांनी कामं केली, भांडणं केली, सुखाने संसार केला. मग २०३१च्या सुमाराला तो बदलला. संवाद पाठ असायचे, पण त्यांत जीव नसायचा. समीक्षकांनी लिहिलं की इनामदार यांना आता रंगभूमीचा कंटाळा आलेला दिसतो. घरीही तो तसाच झाला. ती काही सांगायला गेली की तो दगडासारखा बघत राही. त्याच सुमाराला तिची आई गेली. पेणहून फोन आला तेव्हा तो शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "वाईट झालं." बस चुकली तर माणूस म्हणतो, त्या आवाजात. चारुशीलाने माणसांच्या आवाजावर आयुष्य काढलं होतं. आवाज काय सांगतो ते तिला कळत असे आणि त्या दिवशी तिला कळलं की या माणसाच्या मनात आता काही उरलेलं नाही. दोन वर्षांनी ते वेगळे झाले, भांडणतंटा न करता. तो मिरजेला परत गेला.

आठ वर्षांनी चारुशीला त्याच्या त्या मिरजेच्या घरी निघाली होती. फोनवर तिने फक्त येते म्हणून सांगितलं. गाडीत बसल्यावर काय बोलायचं याची तिने मनातल्या मनात तालीम केली, जशी ती आयुष्यभर करत आली होती.

यशोधनचं घर सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत होतं. तो सांगलीच्या कॉलेजात मुलांना नाटक शिकवत होता. दार त्यानेच उघडलं. तो थोडा वाळला होता, पण एरवी बरा दिसत होता. मग तो चहा ठेवायला आत गेला तेव्हा चालताना त्याचा उजवा हात अंगाला चिकटल्यासारखा राहिला. दूध करपून घरभर वास सुटला तरी तो गॅससमोर उभा राहून तिच्याशी बोलतच होता. वास जाणं हीही त्या आजाराची खूण आहे, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. तिने उठून गॅस बंद केला आणि तालीम केलेलं सगळं विसरून सरळ सांगून टाकलं.

त्याचा चेहरा हलला नाही, पण आता त्या न हलण्याचा अर्थ तिला वेगळा लागत होता. तिचं बोलणं संपल्यावर त्याने तिच्यासारखंच पहिल्यांदा साल विचारलं.

"म्हणजे आई गेल्या त्याच्या आधी," तो म्हणाला.

ती हो म्हणाली. मग तिने माफी मागितली. मी तुला कोरडा समजले, तुला बोल लावले, सोडून गेले आणि ते सगळं आजारपण होतं, असं ती म्हणत राहिली. यशोधनने हात वर करून तिला थांबवलं.

"चारू, एक ऐक. आई गेल्या त्या दिवशी मला रडू येत होतं आणि ते बाहेर पडत नव्हतं. ते आजाराचं असेल. मीही घाबरलो होतो की हे काय होतंय. पण त्यानंतर वर्षभर मी तुझ्याशी धड बोललो नाही, तो राग होता. तुला कामं येत होती आणि मला येत नव्हती. मला तुझा हेवा वाटायचा. तो माझा होता, खराखुरा. तोही आजाराच्या खात्यावर टाकलास तर मी उरतो कुठे? नुसता पेशंट राहतो."

तपासून घेईन, इतकं मात्र त्याने कबूल केलं.

परतीच्या गाडीत तिला संताप आला. ती मोठ्या मनाने क्षमा मागायला गेली होती आणि त्याने तिला ती धड मागूही दिली नव्हती. पण कराड मागे पडलं तसा तिचा संताप ओसरला आणि एक निराळीच गोष्ट तिच्या ध्यानात आली. सगळाच दोष आजाराचा असता, तर तिने एका आजारी माणसाला टाकलं असाच अर्थ झाला असता. यशोधनने स्वतःचा राग स्वतःकडे ठेवला आणि तिचं सोडून जाणं तिला परत केलं. ती दोन माणसांमधली गोष्ट होती, हे त्याने शाबूत ठेवलं.

पुण्यात तपासण्या झाल्या. निदान पक्कं झालं आणि हात थरथरू लागण्याच्या आत, अगदी काठावर, इंजेक्शन सुरू झालं. वर्षभर दर पंधरा दिवसांनी पुण्याला यायचं आणि इंजेक्शननंतर दोन दिवस कुणीतरी जवळ राहायचं, असा नियम होता. ते चारुशीलाने आपणहून पत्करलं आणि ती मिरजेच्या घरी येऊन राहू लागली. त्याच सुमाराला चारुशीलाला एका सिनेमात मध्यवर्ती भूमिका आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कथा तिच्या भोवती फिरणारी होती. चित्रीकरण हिमाचलात होतं आणि सलग होतं. मधल्या दिवसांसाठी सुट्टी मागितली तर निर्माते म्हणाले, त्या दिवसांचं काम तुमच्या संगणकीय प्रतिमेकडून करून घेऊ. तिने आधी हो म्हटलं. मग त्यांनी प्रतिमेकडून करून घ्यायच्या प्रसंगांची नावं पाठवली आणि त्यांत मुलाच्या मृत्यूचा प्रसंग होता. तिने नकार कळवला. निम्मं कारण यशोधन होता आणि निम्मं तो प्रसंग, पण यशोधनला तिने फक्त दुसरं कारण सांगितलं.

त्याला ते पटलं नाही. तो खिडकीबाहेर बघत "बरं" म्हणाला. पूर्वीची चारुशीला त्या "बरं"चा अर्थ स्वतःच लावून मोकळी झाली असती. आता ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"रागावलायस?"

"खूप," तो त्याच सपाट आवाजात म्हणाला. "माझ्यासाठी तू काम सोडलेलं मला आवडलेलं नाही. उद्या त्याचंही ओझं माझ्यावर."

मग दोघं त्यावर तासभर नीट भांडली. लग्नाच्या शेवटच्या दोन वर्षांत जे भांडण झालंच नव्हतं, तसं. तेव्हापासून तिने सवय लावून घेतली. आवाजावरून ओळखायचं नाही, विचारायचं. आवाज ओळखण्यात हयात गेलेल्या बाईला हे जड गेलं. आपल्याला न विचारता कळतं, यावर तिचा फार विश्वास होता.

केंद्राने यशोधनला गळ्याभोवती बांधायचा एक पट्टा वापरून बघायला दिला होता. माणूस बोलू लागला की तो पट्टा त्याचे शब्द आणि नाडीचे ठोके यांवरून त्याला काय वाटत असेल याचा अंदाज घेई आणि त्याच्या जुन्या मुद्रणातले चढउतार आवाजात मिसळून छोट्या स्पीकरमधून बाहेर काढी. चारुशीला स्वयंपाकघरात होती. बाहेरून हाक आली, "चारू, आमटीत मीठ कमी आहे." तिच्या हातातला डाव तसाच राहिला. तो पस्तीस वर्षांचा यशोधन होता, दौऱ्यावरचा, तिच्या प्रेमात पडलेला. ती दारात आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. यशोधनने ते पाहिलं आणि शांतपणे पट्टा काढून टेबलावर ठेवला.

"मला फक्त मीठ हवं होतं," तो आपल्या आवाजात म्हणाला. "बाकीचं कंपनीने घातलं."

पट्टा परत गेला. डॉ. बागवान जरा हिरमुसल्या, पण त्यांनी दुसरा उपाय सुचवला, जो जुनाच होता. रोज मोठ्याने वाचायचं, समोर ऐकणारं कुणीतरी बसवायचं. तेव्हा दोघांनी एक नाटक वाचायला घेतलं. सांगलीच्याच एका तरुण लेखिकेने लिहिलेलं, निवृत्त जोडप्याचं, दोनच पात्रांचं. वाचता वाचता दोघं उठून उभी राहिली, मग हालचाली बसल्या आणि इंजेक्शनांचं वर्ष संपेपर्यंत प्रयोग करावा असं दोघांच्याही मनात आलं. ते आधी यशोधन बोलून दाखवतो की चारुशीला, याची दोघंही वाट बघत होती. शेवटी चारुशीला बोलली.

अडचण एकच होती. यशोधनचा आवाज पाचव्या रांगेपुढे जात नव्हता. मायक्रोफोन लावला तर आवाज मोठा व्हायचा, पण त्याचबरोबर त्यातला सपाटपणाही मोठा व्हायचा. नाट्यगृहात जाऊन दोघांनी सगळं करून पाहिलं. मग यशोधन रंगमंचावर उभा राहून रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाला की आवाज लोकांपर्यंत जात नसेल तर लोकांना आवाजापर्यंत आणू.

प्रयोगाच्या संध्याकाळी मिरज-सांगलीचे जेमतेम साठ प्रेक्षक रंगमंचावरच बसले, नटांभोवती तिन्ही बाजूंनी, लाकडी खुर्च्यांवर. डॉ. बागवान पुण्याहून येऊन दुसऱ्या ओळीत बसल्या होत्या. सुरुवातीला लोक अवघडलेले होते. कुणी खाकरलं तरी ते नटांच्या कानाशी खाकरल्यासारखं वाटत होतं. यशोधनचा चेहरा स्थिर आणि आवाज हळू, तेव्हा पहिली दहा मिनिटं लोक गोंधळले. मग ते पुढे झुकले. इतक्या जवळून त्यांना दुसऱ्या गोष्टी दिसू लागल्या. वाक्य संपल्यावर तो नजर कुठे नेतो, खुर्चीचा हात किती घट्ट धरतो, हे ते पाहू लागले. शेवटच्या प्रवेशात म्हातारा म्हातारीला सांगतो की मला एकटं राहायची भीती वाटते. यशोधन ते वाक्य बोलायला आला आणि थांबला. तो विसरला होता की थांबला होता, हे चारुशीलालाही कळेना. पूर्वी तिने झटकन पुढचा संवाद टाकून सावरून घेतलं असतं. ती थांबली. रंगमंचावर साठ माणसं श्वास धरून बसली होती. मग तो बोलला, काहीही न घालता, साखर संपली आहे म्हणावं तसं. चारुशीलाने माणसांच्या तोंडून भीती अनेक तऱ्हांनी ऐकली होती आणि स्वतः तिच्या कितीतरी तऱ्हा केल्या होत्या. अशी ऐकली नव्हती.

टाळ्या संपल्या, लोक भेटून गेले. डॉ. बागवान जाताना म्हणाल्या की आता मला रेघा काढायला नवीन पद्धत शोधावी लागणार. सगळं शांत झाल्यावर दोघं रंगमंचावरच्या दोन खुर्च्यांवर बसून राहिली. रंगपटातून कुणीतरी चहा आणून दिला होता.

"शेवटी थांबलास तेव्हा काय वाटत होतं?" चारुशीलाने विचारलं.

यशोधनने चहाचा घोट घेतला. "आधी भीती वाटली, म्हाताऱ्याची नाही, माझीच. मग वाटलं, तू आता सावरून घेशील. तू घेतलं नाहीस, तेव्हा बरं वाटलं." त्याने कप खाली ठेवला. "आणि भूक लागली होती."

चारुशीला खळखळून हसली. तिचं हसणं रिकाम्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. यशोधन समोर बसला होता, चेहरा तसाच, ओठ मिटलेले. तिने पुढे वाकून त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"हसतोयस?"

"केव्हाचा," तो म्हणाला.